क्षयरोगाचा संशोधक-प्राध्यापक नेमायचाय? आधी कॅबिनेटवरचा स्टिकर बघा

मुलाखत आटोपल्यावर एका उमेदवार बाईंना आम्ही प्रयोगशाळा दाखवायला नेलं. पुण्यात पीएचडी, मग परदेशात चार वर्षं पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन), विषय औषधांना दाद न देणारा क्षयरोग. विभागप्रमुख हौसेनं एकेक यंत्र दाखवत होते. बाई बायोसेफ्टी कॅबिनेटपाशी (जंतू बाहेर न पडू देता हाताळायची काचेची बंदिस्त पेटी) थांबल्या, वाकल्या आणि काचेच्या कडेला चिकटवलेला, पिवळा पडलेला स्टिकर वाचला. वार्षिक तपासणीची मुदत संपून चौदा महिने झाले होते. "सर, इथं कल्चर कोण हाताळतं?" एवढंच त्यांनी विचारलं. कल्चर म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले जंतू. आठवड्यानं नम्र शब्दांतली नकाराची मेल आली.

संस्थेचं नाव सांगत नाही. मी तिथं बाहेरचा विषयतज्ज्ञ म्हणून बसलो होतो आणि तो स्टिकर माझ्याही नजरेतून सुटला होता. तेव्हापासून कुणी संस्थाचालक फोन करून "क्षयरोगावर काम करणारं चांगलं माणूस सुचवा" म्हणाले की मी आधी कॅबिनेटची तपासणी कधी झाली ते विचारतो. तेवढा पगार पुण्यातही मिळतो. सांगली, मिरज, कराड किंवा साताऱ्याला माणूस येतो तो इथं काम करायला मिळेल या आशेवर. म्हणून जाहिरात काढणं हा या खटाटोपातला निम्म्या वाटेवरचा टप्पा समजा. पहिल्या बैठकीपासून माणूस रुजू होईपर्यंत नऊ महिने तरी धरा, घाई केली तर बारा लागतात.

पद कुणाच्या नियमात बसतं?

पहिल्या बैठकीत नेमका हाच प्रश्न कुणी विचारत नाही. 'रिसर्च फॅकल्टी' म्हणायला सोपं, पण आपल्याकडे त्याला दोन दारं आहेत आणि दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या.

पद वैद्यकीय महाविद्यालयातलं असेल, म्हणजे मायक्रोबायोलॉजी, श्वसनरोग (जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'टीबी-चेस्ट'च) किंवा कम्युनिटी मेडिसिन, तर एनएमसीचे, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे, नियम लागतात. एमडी किंवा डीएनबी, सिनियर रेसिडेन्सी, बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स वगैरे. एमएस्सी-पीएचडी माणसाला या विभागांत घ्यायचं तर २०२५ सालचे नवे नियम नीट वाचा. मधल्या काळात मायक्रोबायोलॉजीचं दार त्यांना बंद झालं होतं, ते आता मर्यादित प्रमाणात उघडलंय. जुन्या परिपत्रकाच्या झेरॉक्सवर विसंबून चांगला अर्ज बाद करू नका.

पद विद्यापीठाच्या विज्ञान विभागातलं किंवा संशोधन केंद्रातलं असेल तर यूजीसीचे २०१८ चे नियम. असोसिएट प्रोफेसरला पीएचडी, आठ वर्षांचा अनुभव, मान्यताप्राप्त नियतकालिकांत सात शोधनिबंध आणि ७५ रिसर्च स्कोअर (संशोधनकामाचे गुण). प्रोफेसरला दहा वर्षं, दहा निबंध, १२० स्कोअर. सातव्या आयोगाप्रमाणे मूळ वेतन असिस्टंटचं ५७,७०० पासून, असोसिएटचं १,३१,४०० पासून आणि प्रोफेसरचं १,४४,२०० पासून सुरू होतं. या आकड्यांमध्येच एक खाच आहे. पोस्टडॉकची वर्षं 'समकक्ष अनुभव' म्हणून धरायची की नाही? आस्थापना शाखेतले कारकून एक सांगतात, कुलसचिव दुसरंच. याचा लेखी निर्णय जाहिरातीआधी करून घ्या. छाननीच्या टेबलावर हा वाद निघाला तर सगळ्यात उत्तम उमेदवार हमखास त्यातच अडकतो.

सरकारी महाविद्यालयांची गत निराळी. मिरजेचं वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासूनचं, साताऱ्याचं अगदी अलीकडचं. पण दोन्हीकडे नियमित अध्यापकाचं पद अधिष्ठात्यांनी मनावर घेतलं म्हणून भरता येत नाही, ते शासनाच्या मार्गानंच भरलं जातं. त्यांच्या हातात उरतात प्रकल्पातली शास्त्रज्ञांची पदं आणि आरोग्य संशोधन विभागाच्या मल्टिडिसिप्लिनरी रिसर्च युनिटसारख्या योजना. मोकळीक जास्त आहे ती अभिमत विद्यापीठांना. कराडला कृष्णा विद्यापीठ आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचं महाविद्यालय आहे. पुढचं बरंचसं लिहितोय ते अशा संस्था डोळ्यांसमोर ठेवून.

बिंदुनामावली (आरक्षणाची पदवार यादी) तपासून घ्या, हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण त्यावाचून जाहिरात मागे घेतलेली मी दोनदा पाहिलीय.

प्रश्न कोणता, ते आधी ठरवा

"क्षयरोग व संसर्गजन्य रोग" एवढ्यावर चांगला संशोधक येत नाही. त्याला विचारायचं असतं, तुमच्याकडे असं काय आहे जे चेन्नईला नाही? चेन्नईची राष्ट्रीय संस्था १९५६ पासून क्षयाच्या उपचारांवर काम करतेय, बंगळुरूची १९५९ पासून. यंत्रांच्या बाबतीत त्यांच्याशी बरोबरी करायला जाल तर हसं होईल.

पण आपल्याकडे माणसं आहेत आणि त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटा आहेत. दिवाळीच्या आसपास बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कारखान्यांच्या आवारात कोप्या पडतात, पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की सगळे परत. क्षयाचा साधा कोर्स सहा महिन्यांचा. एखाद्याला जानेवारीत इस्लामपूरला निदान झालं, तर एप्रिलमध्ये त्याच्या गोळ्या कुठल्या तालुक्यात? निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर रुग्ण एका जिल्ह्यातून दुसऱ्याकडे पाठवता येतो, पण पोर्टलवरचा रुग्ण आणि ट्रकच्या हौद्यात बसलेला रुग्ण यांची गाठ पडतेच असं नाही. हा प्रश्न पाच वर्षं पुरेल एवढा मोठा आहे.

दुसरं, खानापूर-आटपाडीकडचे गलाई बांधव. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेले, यात्रेला गावी येणारे. आम्लाच्या धुरात काम, दाटीची वस्ती आणि सतत गाव-परगाव. त्यांच्या फुप्फुसांचा नीट अभ्यास व्हायला हवा असं मला गेली कित्येक वर्षं वाटतंय. विट्याचे यंत्रमाग आहेत, मधुमेह आणि क्षय एकत्र असलेले रुग्ण तर प्रत्येक ओपीडीत आहेत. एचआयव्हीचा धागा धरायचा तर सांगलीत 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या वस्त्यांत काम करतेय. त्या वस्त्यांशी जमलेला विश्वास कुठल्याही फ्रीजरपेक्षा महाग आहे.

आणि परंपरा म्हणाल तर ती आहेच. वानलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ उभारलं, पुढे वानलेसवाडीचं क्षयरुग्णालय झालं. पाचगणीची कोरडी हवा मानवते म्हणून तिथंही सॅनेटोरियम निघाली. उमेदवाराला हे सांगा, पण एका वाक्यात. परंपरेच्या गप्पांवर अर्धा तास गेला की समोरचा घड्याळाकडे बघायला लागतो.

विभागानं बसून एक पानभर टिपण लिहावं: कुठले रुग्ण, साधारण किती, कुठल्या इस्पितळातून, कोणता प्रश्न. जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना दाखवावं. ते "बघू" म्हणाले तर अजून काम बाकी आहे. त्यांनी एखाद्या सिनियर ट्रीटमेंट सुपरवायझरचं नाव घेऊन "त्याला विचारा, त्याला सगळं माहीत आहे" म्हटलं की समजायचं, पुढे जायला हरकत नाही.

प्रयोगशाळा: खरं काय ते लिहून काढा

थुंकीचा स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी), सीबीनॅट, ट्रूनॅट (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या यंत्रावरच्या चाचण्या) ही कामं साध्या बीएसएल-२ (जैवसुरक्षेची दुसरी पातळी) शिस्तीत होतात. सीबीनॅटचा निकाल दोन तासांत येतो. पण जंतू वाढवायचे, त्यांच्यावर औषधं तपासायची, तर गोष्ट बदलते. क्षयाचा जंतू आळशी, एकाचे दोन व्हायला अठरा ते चोवीस तास घेतो. द्रव माध्यमात 'वाढ नाही' म्हणायला ४२ दिवस थांबावं लागतं, अंड्याच्या घन माध्यमावर आठ आठवडे. तेवढे दिवस इन्क्युबेटरचं तापमान ढळता कामा नये. आणि वाढलेलं कल्चर उघडायचं तर खोलीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी हवा, बाहेर जाणारी हवा हेपा फिल्टरमधून जायला हवी, सेंट्रिफ्यूजच्या बकेटना घट्ट झाकणं हवीत. हे सगळं बांधणं एक वेळ जमतं; चालवणं महाग पडतं. हवेचं यंत्र रात्रंदिवस चालतं आणि वीजबिल दर महिन्याला येतं.

म्हणून संस्थेनं स्वतःशी खरं बोलावं. कल्चरची सोय नसेल तर साथरोगशास्त्र, उपचार-सातत्य, निदानातला उशीर अशा विषयांचा माणूस शोधा आणि कल्चर पुण्याच्या इंटरमीडिएट रेफरन्स लॅबकडे किंवा दुसऱ्या प्रमाणित प्रयोगशाळेकडे पाठवायची व्यवस्था करा. यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो "लवकरच बीएसएल-३ होणार आहे" म्हणून माणूस बोलावण्यात. एका गुणी तरुणाला असं बोलावलेलं मी पाहिलंय. रुजू झाला तेव्हा त्या जागेवर विटांचा ढीग होता. आठ महिन्यांनी तो गेला तेव्हाही ढीग तिथंच होता, फक्त वर गवत उगवलेलं.

एक खास सांगलीचा मुद्दा. उणे ऐंशीचा फ्रीजर तळमजल्यावर ठेवू नका. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २००५, २०१९ आणि २०२१ साली काय झालं ते इथल्या कुणाला सांगायला नको, पण बाहेरून येणारा उमेदवार बातम्या वाचून आलेला असतो आणि तो विचारतो. "फ्रीजर दुसऱ्या मजल्यावर, जनरेटरही जोत्यावर उचललेला" हे उत्तर दाखवता आलं पाहिजे.

कागद

इथं रस कमी, पण टाळून चालत नाही. एथिक्स कमिटीची नोंदणी चालू आहे का? औषधांच्या चाचण्यांसाठी वेगळी, इतर आरोग्य संशोधनासाठी आरोग्य संशोधन विभागाकडे वेगळी, दोन्ही तपासा. खासगी संस्था असाल तर डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची) नोंदणी हवी. तिच्याविना आयसीएमआरच्या अनुदानाची वाट अडते आणि आयात यंत्रांवरची सवलत जाते. परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, त्यात महिने जातात. जनुकबदल केलेल्या जंतूंवर काम होणार असेल तर जैवसुरक्षा समिती कागदावरच आहे की बैठका घेते, ते बघा.

सुरुवातीच्या निधीचा ठराव व्यवस्थापन मंडळाकडून आधी करून घ्या. तोंडी नको. रक्कम किती, कुठल्या लेखाशीर्षाखाली, खर्चाचा अधिकार कुणाला, किती दिवसांत. रक्कम लहान असली तरी चालते. पण पन्नास हजारांच्या प्रायमरसाठी (डीएनए चाचणीला लागणारं साहित्य) पाच सह्या लागत असतील तर माणूस वर्षभरात हात टेकतो.

आता जाहिरात

नेहमीची जाहिरात अशी असते: "सहयोगी प्राध्यापक, मायक्रोबायोलॉजी, पदे १, पात्रता नियमानुसार, अर्ज अमुक तारखेपर्यंत सात प्रतींत." नियमाला ती लागते, ती द्याच. पण तिच्यासोबत संकेतस्थळावर दोन पानांचं पत्रक ठेवा आणि त्यात असं काही लिहा:

"ऊसतोड कामगारांमधील क्षयरोग उपचारांच्या सातत्यावर काम उभं करण्यासाठी सहयोगी प्राध्यापक हवा आहे. आमच्याकडे सीबीनॅट आणि स्मिअरची सोय आहे. कल्चरची नाही, ते बाहेर पाठवावं लागतं. पहिली दोन वर्षं आठवड्याला जास्तीत जास्त सहा तास अध्यापन. सुरुवातीचा निधी मंजूर आहे, ठरावाची प्रत मागितल्यास मिळेल. एका प्रकल्प सहायकाचं दोन वर्षांचं मानधन संस्था देईल. मराठी बोलता येणं किंवा वर्षभरात शिकण्याची तयारी आवश्यक."

"कल्चरची नाही" हे वाक्य काढा म्हणून तुमच्यावर दबाव येईल. काढू नका. पत्रकावर विश्वास बसतो तो त्याच वाक्यामुळे.

प्रकल्प सहायकाचा हिशोबही आधीच करा. केंद्राच्या २०२३ च्या दरानं जेआरएफला (कनिष्ठ संशोधन छात्राला) महिना ३७,००० अधिक घरभाडे बसतं.

जाहिरात निघाली की फोन उचला. चेन्नई, बंगळुरू, आग्र्याची जालमा संस्था, पुण्यातल्या संस्था इथल्या ज्येष्ठांना विचारा, "तुमच्याकडे पोस्टडॉक संपत आलेलं, आपल्या भागातलं कुणी आहे का?" रामलिंगस्वामी किंवा रामानुजन फेलोशिपवर परतलेल्यांना कायम जागेची चिंता असते. तासगाव, वाई, कराड, जतकडची कितीतरी मुलं बाहेर या विषयात काम करताहेत. आई-वडील थकलेत, म्हणून परत यावंसं वाटणारीही आहेत. गावाच्या ओढीवर विसंबून त्यांना कमी देऊ करू नका, एवढंच.

छाननी आणि निबंध

स्कोअर मोजायला कोष्टक आहे, ते कारकून मोजतील. समितीनं प्रत्येक उमेदवाराचे दोनच निबंध, उमेदवारानं स्वतः निवडलेले, पूर्ण वाचावेत. चाळीस नावांच्या निबंधात विसावं नाव असेल तर नेमकं काय केलं ते विचारा. "सगळं डेटा क्लीनिंग माझं" हेही सन्मानाचं उत्तर आहे. पैसे भरून छापणाऱ्या नियतकालिकांची लांबलचक यादी दिसली की सावध व्हा. पबपिअरवर (शोधनिबंधांबद्दल शंका नोंदवायचं संकेतस्थळ) नाव टाकून बघा, प्रयोगांचे फोटो किंवा चित्रं दोनदा वापरल्याची तक्रार आहे का ते कळतं. तक्रार दिसली म्हणून लगेच बाद करू नका, उमेदवाराला विचारा.

संदर्भासाठी दिलेल्या तीन नावांखेरीज एखाद्या जुन्या विद्यार्थ्याशीही बोला. वरिष्ठांशी गोड आणि कनिष्ठांना जाळणारे लोक असतात, आणि क्षयाच्या प्रयोगशाळेत धास्तावलेलं पोर मास्क फाटला तरी सांगत नाही.

दोन दिवसांची मुलाखत

औपचारिक निवड समिती नियमात सांगितल्याप्रमाणेच. कोरमला चार जण, त्यांत दोन बाहेरचे विषयतज्ज्ञ. ती वीस मिनिटांची असते आणि तिच्यावरून फारसं काही कळत नाही. तिच्या आदल्या दिवशी उमेदवारांना बोलवा.

सकाळी व्याख्यान, खुलं. नंतर फळा आणि खडू: स्लाईड नाही, पुढची तीन वर्षं काय करणार ते फळ्यावर मांडायचं. पैसा कुठून, नमुने कुठून, पहिल्या सहा महिन्यांत काय हाती लागेल. मध्येच एखादा व्यवहारातला प्रश्न टाका. सीबीनॅट अल्ट्राचा निकाल 'ट्रेस' (जंतूचा जेमतेम मागमूस) आला, माणूस पाच वर्षांपूर्वी क्षयाचे उपचार घेऊन बरा झालेला, पुढे काय? मेलेल्या जंतूंचा डीएनए असू शकतो हे ज्याला सुचतं आणि तरीही जो "एक्स-रे, लक्षणं, कल्चर बघून ठरवू, घाई नको" म्हणतो, तो रुग्ण पाहिलेला माणूस.

दुपारी मात्र एक गोष्ट कराच. चार-पाच आशाताईंना बोलवा, चहा द्या आणि उमेदवाराला सांगा, सुप्त क्षयसंसर्ग म्हणजे काय ते यांना मराठीत समजावा. एका उमेदवारानं छान सुरुवात केली, "घरात पेशंट असला की जंतू आपल्याही अंगात शिरतो, पण झोपून राहतो." एका ताईनं लगेच विचारलं, "झोपलाय तर उठवायचा कशाला? गोळ्या दिल्या की घरातले म्हणतात, आम्ही धडधाकट, आम्हाला का देता?" तो गडबडला. मग हसला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही काय सांगता त्यांना?" ताई म्हणाली, "मी सांगते, तणकट बी असतानाच काढायचं असतं, वाढलं की खुरपं चालत नाही." त्यानं खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. आम्ही त्याला घेतलं. त्याच्या निबंधांची यादी दुसऱ्या उमेदवारापेक्षा आखूड होती आणि समितीत त्यावरून वाजलंही, पण मी अडून बसलो.

प्रयोगशाळा फिरवताना तंत्रज्ञांना उमेदवाराबरोबर एकटं सोडा, प्रमुखांनी पाच मिनिटं बाहेर जावं. दोन्ही बाजूंना एकमेकांचं खरं कळतं.

पत्र दिल्यावर

नेमणूक पत्रात निधी, अध्यापनाचे तास आणि सहायकाचं पद लेखी घाला. परिवीक्षा एक वर्षाची, फार तर आणखी एक वर्ष वाढवता येते, तेही स्पष्ट लिहा. जोडीदाराच्या नोकरीची चौकशी शिष्टाचार म्हणून करू नका, खरंच मदत करा. नवराबायको दोघंही शास्त्रज्ञ असतील आणि एकीची सोय इथं झाली, दुसऱ्याची पुण्यात, तर दर शनिवारची महामार्गावरची ये-जा दोन वर्षांत संसाराला आणि कामाला, दोन्हींना खाते. घर बघून द्या, सांगलीत असेल तर पूररेषेबाहेरचं.

पीएचडीचा गाईड म्हणून मान्यतेचा अर्ज रुजू होण्याच्या आठवड्यातच भरा. असोसिएटला सहा विद्यार्थी घेता येतात, पण मान्यताच आली नाही तर पहिली तुकडी हुकते आणि वर्ष फुकट जातं. जिल्हा क्षयरोग केंद्रात स्वतः घेऊन जा, ओळख करून द्या. कार्यक्रमाची आकडेवारी वापरायची तर राज्य पातळीवरची परवानगी लागते, तो अर्जही पहिल्या महिन्यातच जाऊ द्या.

आणि एक दिवस संध्याकाळी, नवा माणूस लॅबमध्ये असताना, मेन स्विच बंद करून बघा. जनरेटर किती सेकंदांत उठतो, फ्रीजरचा अलार्म कुणाच्या मोबाईलवर वाजतो, डिझेलच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते. आमच्याकडे ती निघाली शिपायाकडे, आणि शिपाई त्या दिवशी औदुंबरला गेला होता.